आठ महिने, सहा दिवस: पेरूच्या संसद सदस्यांना खुलं पत्र

लिमाच्या प्लासा बोलिवारवरच्या सभागृहात आज बसणाऱ्या आणि उद्या येऊन बसणाऱ्या सर्व माननीय सदस्यांना,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

मी तुमच्या देशाची नागरिक नाही. तुमच्या मतदारयादीत माझं नाव नाही, तुमच्यापैकी कुणाला माझ्या मताची गरज पडणार नाही. पुण्यात स्पॅनिश शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. त्यातले दहा महिने मात्र, ऑक्टोबर २००० ते जुलै २००१, मी लिमात काढले. एका औषध कंपनीची दुभाषी म्हणून मी तिथे गेले होते. परत आले ते तुमच्या देशाचं एक न फिटणारं ऋण घेऊन, आणि त्या ऋणापोटीच हे पत्र लिहिते आहे. ते मराठीत आहे, कारण मनापासून बोलायचं तर मला मराठीतच बोलता येतं. स्पॅनिश प्रत मी स्वतः करून पाठवणार आहे. त्यामुळे तुम्हाला तोंडपाठ असलेल्या काही गोष्टी इथे पुन्हा सांगाव्या लागतील. माझ्या इथल्या वाचकांना त्या ठाऊक नाहीत.

पत्राचा विषय आहे वालेन्तिन पानियाग्वा. २२ नोव्हेंबर २००० ते २८ जुलै २००१ एवढाच काळ ते तुमचे राष्ट्राध्यक्ष होते. आठ महिने, सहा दिवस.

आमच्या भाषेत अशा पदाला दोन शब्द आहेत. एक ‘हंगामी’. हंगामी म्हणजे तेवढ्यापुरता, हंगाम संपला की ज्याचं काम संपतं असा. ऊसतोडीला येणारा मजूर हंगामी असतो, सणासुदीला दुकानात ठेवलेला पोऱ्या हंगामी असतो. दुसरा शब्द ‘काळजीवाहू’. वर्तमानपत्रात आम्ही ‘काळजीवाहू सरकार’ असं रोज वाचतो आणि पुढे जातो. काळजी वाहणारा असा त्याचा सरळ अर्थ आहे, हे कुणाच्या लक्षातही येत नाही. माझ्याही आलं नव्हतं. लिमातल्या त्या दहा महिन्यांत आलं. गेल्या काही वर्षांत तुम्ही हंगामी अध्यक्ष बरेच बसवलेत. त्यांतले काळजीवाहू किती होते, एवढंच मला विचारायचं आहे.

ऑक्टोबर २००० मध्ये मी उतरले तेव्हा लिमा धुमसत होतं. आदल्या महिन्यात, १४ सप्टेंबरला, ती पहिली चित्रफीत टीव्हीवर दाखवली गेली होती: गुप्तचर खात्याचे सर्वेसर्वा व्लादिमिरो मोन्तेसिनोस विरोधी बाकांवरच्या अल्बेर्तो कोउरी यांच्यासमोर नोटांची चळत ठेवतात, आणि खासदार महाशय ती खिशात घालतात. १५ हजार डॉलर. दिवसेंदिवस अशा फिती बाहेर येत राहिल्या. जिच्याकडे मी राहायला होते ती मालकीणबाई रात्री टीव्हीसमोर बसून एकेक चेहरा ओळखायची आणि दर वेळी कपाळावर हात मारायची.

शुक्रवारी दुपारी मी प्लासा मायोरला जायची. तिथल्या जुन्या कारंज्याजवळ लोक साबण आणि प्लास्टिकची घमेली घेऊन रांगेत उभे राहायचे आणि तुमचा लाल-पांढरा झेंडा धुवायचे. मे महिन्यापासून ते हे करत होते. खळखळून धुवायचे, पिळायचे, दोरीवर वाळत घालायचे. निवृत्त मास्तर, शाळकरी मुली, परकर नेसलेल्या डोंगराकडच्या बायका. कपडे धुण्याइतकं घरगुती काम इतकं गंभीरपणे केलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्या वर्षीच्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष फुजिमोरींच्या आघाडीसाठी लाखो खोट्या सह्या तयार केल्या गेल्या होत्या. दुसऱ्या फेरीआधी अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेचे निरीक्षक देश सोडून निघून गेले होते. मतदारांना कागदावर किंमत उरली नव्हती, म्हणून ते चौकात झेंडा धूत होते.

मग नोव्हेंबर आला. अल्बेर्तो फुजिमोरी शिखर परिषदेसाठी ब्रुनेईला म्हणून निघाले ते टोकियोला पोचले, आणि तिथून त्यांनी राजीनामा फॅक्सने पाठवला. दहा वर्षं राज्य केलेल्या माणसाचा राजीनामा फॅक्सने. तुमच्या तेव्हाच्या सभागृहाने तो स्वीकारला नाही. ‘कायमस्वरूपी नैतिक अक्षमता’ या संविधानातल्या कारणाखाली २१ नोव्हेंबरला त्यांना पदावरून दूर केलं. पहिल्या उपाध्यक्षांनी ऑक्टोबरमध्येच राजीनामा दिला होता, दुसऱ्यांनीही खुर्चीवर हक्क सांगितला नाही. संविधानाच्या क्रमानुसार पाळी आली संसदेच्या अध्यक्षाची. आणि संसदेचे अध्यक्ष, जेमतेम सहा दिवसांपूर्वी, १६ नोव्हेंबरला निवडून आलेले, कुस्कोचे एक चौसष्ट वर्षांचे संविधानाचे प्राध्यापक होते.

त्यांना का निवडलं होतं, ते तुमच्या सभागृहातल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. आक्सियोन पोपुलार या त्यांच्या पक्षाचे १२० जणांच्या त्या सभागृहात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच सदस्य होते. त्यांची कुणाला भीती वाटत नव्हती. मोठ्या गटांना एकमेकांचा माणूस चालत नव्हता, म्हणून कुणाचाच नसलेला चालला. हे मी त्यांना कमी लेखण्यासाठी सांगत नाही. माझ्या मते तिथेच त्या आठ महिन्यांचं बीज आहे. ज्याच्यामागे सैन्य नाही, पैसा नाही, सभागृहात फौज नाही, त्याच्याकडे फक्त कायदा उरतो. आणि हा माणूस आयुष्यभर कायदाच शिकवत आला होता.

खरं तर अनुभव त्यांना भरपूर होता. १९६३ मध्ये, पंचविशी ओलांडताच, ते खासदार झाले. तिशीच्या आतच राष्ट्राध्यक्ष फेर्नांदो बेलाउंदे यांच्या मंत्रिमंडळात न्यायमंत्री झाले. १९६८ मध्ये लष्कराने बेलाउंदेंना घालवलं. १९८० मध्ये लोकशाही परतल्यावर पानियाग्वा पुन्हा निवडून आले, कनिष्ठ सभागृहाचे अध्यक्ष झाले, १९८४ मध्ये शिक्षणमंत्री झाले. ५ एप्रिल १९९२ ला फुजिमोरींनी रणगाडे रस्त्यावर आणून संसदच बंद केली, तेव्हा विरोधात ठाम उभं राहिलेल्यांत ते होते. म्हणजे या माणसाने संविधान एकदा लष्कराच्या आणि एकदा निवडून आलेल्या अध्यक्षाच्या हातून मोडलेलं पाहिलं होतं. तिसऱ्या खेपेला ते स्वतःच्या ताब्यात आलं.

आणि त्यांनी काय केलं? इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण हंगामी माणूस फार तर दिवे लावून ठेवतो, असा एक समज सगळीकडे असतो.

पंतप्रधान म्हणून त्यांनी हावियेर पेरेझ दे क्वेयार यांना बोलावलं. संयुक्त राष्ट्रसंघाचे माजी सरचिटणीस, १९९५ मध्ये फुजिमोरींकडून निवडणूक हरलेले, वयाच्या ऐंशीत. गृहखातं दिलं केतिन विदाल यांच्याकडे. १९९२ मध्ये सेन्देरो लुमिनोसो या माओवादी बंडखोर संघटनेचा म्होरक्या अबिमाएल गुस्मान पकडला गेला तेव्हा दहशतवादविरोधी पोलिसांचे प्रमुख तेच होते. न्यायखात्यावर दिएगो गार्सिया-सायान. यादी पाहिली की जाणवतं, यातल्या फारच थोड्यांना पानियाग्वांच्या पक्षाशी देणंघेणं होतं. आपल्या माणसांची सोय लावायला आठ महिने खरं तर पुष्कळ असतात.

निवडणूक कार्यालय त्यांनी नव्याने उभं केलं आणि फेर्नांदो तुएस्ता या राज्यशास्त्राच्या अभ्यासकाकडे सोपवलं. ८ एप्रिल २००१ च्या रविवारी मी लिमाच्या मिराफ्लोरेस भागातल्या एका शाळेबाहेर उभी होते. बोट शाईत बुडवून बाहेर येणारे लोक ते बोट उगाचच उंच धरून चालत होते. आमच्याकडेही बोटाला शाई लागते. पण त्या दिवशीचं ते चालणं मी आमच्याकडेही क्वचितच पाहिलं आहे. संध्याकाळी आकडे आले: आलेहांद्रो तोलेदो पुढे, आलान गार्सिया दुसरे, लुर्देस फ्लोरेस थोडक्यात तिसऱ्या. हरलेल्या बाईंनी निकाल मान्य केला. आमच्या मालकीणबाईंना तेच सगळ्यात मोठं वाटलं. “यंदा कुणी फसवलं असं कुणीच म्हणत नाहीये,” असं त्या दोन-तीनदा म्हणाल्या. ३ जूनच्या दुसऱ्या फेरीत तोलेदो सुमारे ५३ टक्के मतं घेऊन जिंकले.

पानियाग्वा स्वतः उभे राहिले नाहीत. खुर्चीवर बसून त्यांनी एकाही उमेदवाराच्या पारड्यात काही टाकलं नाही. आमच्याकडे रामाच्या पादुका सिंहासनावर ठेवून कारभार करणाऱ्या भरताची गोष्ट आहे. मराठी घरात वाढलेल्या कुणालाही ती समजावून सांगावी लागत नाही. फरक इतकाच की भरताला ठाऊक होतं पादुका कुणाच्या आहेत ते. पानियाग्वांना ठाऊक नव्हतं, आणि ते ठरवणं आपलं काम नाही, एवढं पक्कं माहीत होतं.

पण निवडणूक घेणं हे त्यांचं निम्मं काम. उरलेलं निम्मं मला अधिक मोलाचं वाटतं, आणि तुमच्याकडे माझी जी तक्रार आहे ती त्याच निम्म्याबद्दल आहे.

३ नोव्हेंबर १९९१ च्या रात्री लिमाच्या बार्रियोस आल्तोस भागात एका घरच्या समारंभात शिरून लष्कराच्या छुप्या पथकाने १५ जणांना मारलं. त्यात आठ वर्षांचा मुलगा होता. फुजिमोरींच्या संसदेने १९९५ मध्ये कायदा करून असल्या सगळ्या गुन्ह्यांना माफी देऊन टाकली, आणि १९९९ मध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाच्या कक्षेतून देशच बाहेर काढायचा घाट घातला. पानियाग्वांच्या सरकारने २००१ च्या सुरुवातीलाच ते पाऊल मागे घेतलं. एवढंच नाही, बार्रियोस आल्तोसच्या खटल्यात पेरूच्या वतीने उभं राहून राज्याची जबाबदारी मान्य केली. १४ मार्च २००१ ला न्यायालयाने निकाल दिला की अशा माफीच्या कायद्यांना कायद्याचं बळच नाही. हा निकाल पुढे अख्ख्या लॅटिन अमेरिकेत आधारासाठी वापरला गेला. २००९ मध्ये तुमच्याच सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनी फुजिमोरींना २५ वर्षांची शिक्षा दिली, तिची वाट या निकालाने मोकळी करून दिली होती. चार-सहा महिन्यांच्या सोबत्याने केलेलं हे काम आहे.

आणि जून २००१ मध्ये, जायला आठ आठवडे उरलेले असताना, त्यांनी सत्यशोधन आयोगाच्या आदेशावर सही केली. १९८० ते २००० या काळात सेन्देरो लुमिनोसोने आणि राज्याच्या फौजांनी केलेल्या हत्या, बेपत्ता केलेली माणसं, बलात्कार, या सगळ्याची नोंद करण्यासाठी. तोलेदोंनी नंतर आयोग वाढवला, नावात ‘समेट’ हा शब्द घातला. २८ ऑगस्ट २००३ ला अहवाल आला: सुमारे ६९ हजार मृत आणि बेपत्ता. निम्म्याहून अधिक मृत्यूंना सेन्देरो जबाबदार, एक तृतीयांशाहून अधिकांना राज्याचे लोक. आणि बळींपैकी चारातले तीन जण असे, ज्यांची मायबोली केच्वा किंवा दुसरी एखादी मूळ भाषा होती. तोवर लिमात पंचवीस-तीस हजारांचा अंदाज बोलला जायचा. म्हणजे उरलेली माणसं मेली हेच राजधानीला कळलं नव्हतं. ज्यांची भाषा राजधानीला कळत नाही त्यांचं मरणही तिला कळत नाही, हे वाचून मी पुण्यात बसून रडले होते.

रडले, कारण त्यातल्या एकाची बहीण मी ओळखत होते. मालकीणबाईंकडे स्वयंपाकाला आयाकुचो या डोंगराळ भागाकडच्या एक बाई यायच्या. चाळिशीच्या. बटाटे सोलताना स्वतःशी केच्वात पुटपुटायच्या, मी आत आले की गप्प व्हायच्या. मी एकदा त्यांना म्हटलं, मला तुमच्या भाषेतले चार शब्द शिकवा, मी तुम्हाला माझ्या भाषेतले शिकवते. तिथून आमचं जमलं. त्यांनी मला ‘न्यान्या’ शिकवला, बहिणीने बहिणीला म्हणायचा शब्द. मी त्यांना ‘ताई’ शिकवला. १९८४ मध्ये त्यांच्या एकोणीस वर्षांच्या भावाला गणवेशातली माणसं घरातून घेऊन गेली होती. कुठे नेलं, ते आजवर कळलेलं नाही. हे त्यांनी मला सात महिन्यांनी सांगितलं, जूनमध्ये, रेडिओवर आयोगाची बातमी लागली त्या संध्याकाळी. त्याआधी हे कुणाला सांगायचं असतं असंच त्यांना वाटलं नव्हतं. “विचारणार आहेत म्हणे,” एवढंच त्या म्हणाल्या. पुढे त्यांनी साक्ष दिली. आयोगाने घेतलेल्या जवळपास १७ हजार साक्षींतली एक त्यांची आहे.

२८ जुलै २००१ ला पानियाग्वांनी अध्यक्षपदाचा पट्टा उतरवून तोलेदोंना दिला. त्याच आठवड्यात मीही निघाले.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तरी सांगते. २००६ मध्ये ते मध्यममार्गी आघाडीतर्फे अध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि पाचवे आले. सहा टक्केही मतं पडली नाहीत. ज्या लोकांसाठी त्यांनी मतपेटी स्वच्छ केली, त्यांनी त्याच मतपेटीतून त्यांना घरी पाठवलं. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं. आता तितकं वाटत नाही. काळजी वाहणाऱ्याला मोबदला मिळावा अशी अट त्या कामात नसतेच. त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला ते गेले, सत्तर वर्षांचे. लिमाच्या रस्त्यांवर तेव्हा जी गर्दी लोटली, तिची छायाचित्रं एका विद्यार्थ्याने मला इंटरनेट कॅफेतून छापून आणून दिली होती.

आता तुमच्याकडे वळते.

२०१६ पासून २०२५ च्या ऑक्टोबरपर्यंत तुमच्या देशाने सात राष्ट्राध्यक्ष पाहिले. कुचिन्स्की, विस्कार्रा, मेरिनो, सागास्ती, कास्तियो, बोलुआर्ते, हेरी. आमच्या भागात एका गावाचे सरपंचही इतक्या वेगाने बदलत नाहीत. त्यातल्या मेरिनो, सागास्ती आणि हेरी यांना तुम्ही त्याच दारातून आत आणलंत, ज्या दारातून पानियाग्वा आले होते: संसदेचा अध्यक्ष तोच देशाचा अध्यक्ष. आणि दार उघडायला बहुतेक वेळा तीच किल्ली वापरलीत, ‘कायमस्वरूपी नैतिक अक्षमता’. ९ नोव्हेंबर २०२० ला १०५ मतांनी विस्कार्रा गेले. ७ डिसेंबर २०२२ ला, संसद बरखास्त करण्याची घोषणा करून काही तास होतात न होतात तोच, १०१ मतांनी कास्तियो गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्यरात्र उलटल्यावर बोलुआर्ते गेल्या.

कास्तियोंनी संविधान मोडायचा प्रयत्न केला होता. त्यांना काढण्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तुमच्या संविधानाच्या ११३ व्या कलमात ‘नैतिक अक्षमता’ म्हणजे काय ते कुठेच सांगितलेलं नाही. १३० पैकी ८७ हात वर झाले की ती सिद्ध होते. २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष देश सोडून पळाला होता, तेव्हा त्या शब्दांचा अर्थ लहान मुलालाही कळत होता. त्यानंतर मात्र ती किल्ली तुमच्या खिशात सारखी वाजत राहिली. जो कुणी खुर्चीत बसतो त्याला तिचा आवाज ऐकू येतो, आणि मग तो देशाकडे पाठ करून तुमच्या खिशाकडे बघत कारभार करतो.

मेरिनोंचं उदाहरण मला सगळ्यात जास्त बोचतं. त्यांचा पक्षही आक्सियोन पोपुलारच होता. तोच पक्ष, तेच पद, तोच महिना, बरोबर वीस वर्षांनी. १० नोव्हेंबर २०२० ला त्यांनी शपथ घेतली. त्या आठवड्यात लिमाच्या रस्त्यांवर जी पोरं उतरली होती त्यातल्या बऱ्याच जणांचा जन्म पानियाग्वांच्या आगेमागेचा. १४ तारखेच्या रात्री पोलिसांच्या गोळीबारात दोन तरुण मेले, एक २२ वर्षांचा, एक २४ वर्षांचा. दुसऱ्या दिवशी मेरिनोंनी राजीनामा दिला. म्हणजे पाच-सहा दिवसांचा कारभार.

मग तुमच्या पूर्वसुरींना २००० आठवलं असावं. १६ नोव्हेंबरला, पानियाग्वांना संसदेने निवडलं त्याच तारखेला, फ्रान्सिस्को सागास्ती यांची निवड झाली. विस्कार्रांना काढण्याच्या विरोधात मतदान केलेल्या छोट्या पक्षाचे सदस्य, पेशाने अभियंता, वय ७६. पुन्हा असा माणूस, ज्याच्यामागे सभागृहात फौज नाही. त्यांनी महामारीच्या ऐन भरात लसी मिळवल्या, अतिशय चुरशीची निवडणूक घेतली, निकालावर आठवडेच्या आठवडे चाललेला गदारोळ शांतपणे सोसला आणि २८ जुलै २०२१ ला खुर्ची रिकामी केली. त्यांच्या सरकारातही गफलती झाल्या. चोरून लस टोचून घेतलेल्यांच्या यादीत त्यांच्याही मंत्र्यांची नावं निघाली. पण त्यांनी यादी लपवली नाही आणि मंत्र्यांना जावं लागलं.

दिना बोलुआर्ते उपाध्यक्षपदावरून आल्या, त्यांचं दार वेगळं. पण देश पेटलेला असताना आलेल्या माणसाने काय करायचं असतं, हा प्रश्न त्यांच्यापुढेही तोच होता. रस्त्यावरचे लोक लवकर निवडणुका मागत होते. डिसेंबर २०२२ मध्ये आयाकुचोत दहा जण मारले गेले, ९ जानेवारी २०२३ ला पुनो भागातल्या हुलियाकात एका दिवसात अठरा. आणि निवडणूक लवकर घेण्याचे प्रस्ताव याच सभागृहात एकामागून एक पडले. तुम्हाला तुमच्या खुर्च्या २०२६ पर्यंत हव्या होत्या, त्यांना त्यांची. आयाकुचो आणि पुनोच्या डोंगरातल्या लोकांना दुसऱ्यांदा कळलं की लिमात आपलं मरण मोजायची वेगळी पद्धत आहे.

हे सगळं मी दुरून, बातम्या वाचत पाहिलं. तरी हे पत्र लिहायला बसले नसते. बसले ते ऑगस्ट २०२५ मधल्या एका कायद्यामुळे.

तुम्ही तो मंजूर केलात, बोलुआर्तेंनी त्यावर सही केली. १९८० ते २००० मधल्या संघर्षात गुंतलेल्या लष्करी जवानांना, पोलिसांना आणि गावोगावच्या स्वसंरक्षण समित्यांच्या लोकांना माफी. आंतर-अमेरिकी न्यायालयाने हे थांबवा असं सांगितलेलं असताना. त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट २०२४ मध्ये, तुम्ही आणखी एक कायदा केला होता, २००२ च्या आधीचे मानवतेविरुद्धचे गुन्हे मुदतबाह्य ठरवणारा. दोन्ही मिळून, २००१ च्या त्या आठ महिन्यांत जे उभं राहिलं त्याच्या पायावर घातलेला घाव आहे. १९९५ च्या ज्या माफीला न्यायालयाने निर्बळ ठरवलं, ती तुम्ही तीस वर्षांनी पुन्हा लिहून काढली.

मला ठाऊक आहे, तुमच्यापैकी काहीजण म्हणतील, सैनिकही मेले, सेन्देरोने गावंच्या गावं कापली, आणि साठी-सत्तरीच्या म्हाताऱ्या जवानांना कोर्टात किती वर्षं खेटे घालायला लावायचे? सेन्देरोबद्दल ते खरं आहे. आयोगाच्या अहवालानेच ते सर्वांत कठोर शब्दांत लिहिलं. लूकानामार्का गावच्या माणसांना कुऱ्हाडींनी तोडलं ते सेन्देरोने. त्याबद्दल गुस्मान तुरुंगातच मेला, ते योग्य झालं. पण ज्या जवानाने गुन्हा केला नाही त्याला माफीची गरज नाही. आणि ज्याने केला, त्याला प्रेत कुठे पुरलं ते माहीत आहे. वीस हजारांहून अधिक माणसं अजून बेपत्ता आहेत. खटला चालू असतो तोवर कुणीतरी कधीतरी तोंड उघडेल अशी आशा असते. माफी दिली की बोलायचं कारणच संपतं.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत.

पहिली, हे दोन कायदे मागे घ्या. नवं सभागृह आलं, सिनेट परत आलं, की पहिल्या काही आठवड्यांतच घ्या. कारण सुरुवातीला धीर असतो, पुढे हिशेब सुरू होतात.

दुसरी, ११३ व्या कलमातल्या त्या तीन शब्दांचा अर्थ लिहून काढा. कोणत्या कृत्याला नैतिक अक्षमता म्हणायचं, कोण तपासणार, बचावाला किती दिवस मिळणार. आणि तरीही कधी खुर्ची रिकामी झाली आणि तुमच्यातलाच कुणी तिच्यावर बसवायची वेळ आली, तर सर्वांत छोट्या बाकाकडे एकदा वळून पाहा. तिथे कदाचित एखादा म्हातारा मास्तर बसलेला असेल. त्याच्याकडून एकच लिहून घ्या: मी पुढच्या निवडणुकीत उभा राहणार नाही, आणि अमुक तारखेला जाईन. त्यानंतर त्याला काम करू द्या, आणि किल्ली खिशात वाजवू नका.

पानियाग्वांनी ज्यांच्या हाती देश सोपवला त्या तोलेदोंना २०२४ मध्ये ओदेब्रेख्त या ब्राझिलियन बांधकाम कंपनीच्या लाचप्रकरणात वीस वर्षं सहा महिन्यांची शिक्षा झाली. त्यांच्यानंतरचे एक राष्ट्राध्यक्ष उमाला यांना २०२५ मध्ये पंधरा वर्षांची. आलान गार्सियांनी २०१९ मध्ये पोलीस दाराशी आल्यावर स्वतःवर गोळी झाडली. पूर्ण मुदतीसाठी निवडून आलेल्यांची ही यादी मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे, कारण माझा एक विद्यार्थी मला म्हणाला, “मॅडम, मग त्या आठ महिन्यांनी झालं काय? नंतर सगळे तसलेच तर आले.” मी त्याला त्या बाईंची गोष्ट सांगितली.

त्या आता पासष्टीच्या पुढे आहेत आणि परत वामांगाला, म्हणजे आयाकुचो शहरात, राहतात. त्यांची मुलगी मला अधूनमधून ईमेल करते. पत्राच्या शेवटी आईचा निरोप असतो आणि त्यात न चुकता ‘ताई’ असतं. ऑगस्ट २०२५ मध्ये तिचं पत्र आलं. नेहमीपेक्षा छोटं. तिने लिहिलं होतं, आईने मामाचा फोटो भिंतीवरून काढून पुसला आणि परत लावला. मग मला विचारते आहे की आपण तेव्हा जी साक्ष दिली, ती आता रद्द होते का. मला नीट सांगता येत नाही. तुम्ही शिक्षिका आहात, तुम्ही सांगा.

मी चार वेळा उत्तर लिहायला घेतलं आणि चारही वेळा अर्ध्यावर सोडलं. ते उत्तर द्यायचा अधिकार माझ्याकडे नाही, तुमच्याकडे आहे. कृपा करून त्यांना लिहा. केच्वात लिहिलंत तर मुलीला वाचून दाखवावं लागणार नाही. त्या ऐकतात तेव्हा डोळे मिटून ऐकतात, आणि आपल्या भाषेत ऐकताना मध्येच थांबवून प्रश्न विचारतात.

कळावे,

आपली,
पुण्यातली एक निवृत्त स्पॅनिश शिक्षिका